कांदा, विळी आणि संशय: गुन्हेपटाचा ट्रेलर डोळ्यांशी काय करतो

एक बाई स्वयंपाकघरात विळीवर बसून कांदा चिरते आहे. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. पदराच्या टोकाने ती डोळे टिपते आणि पुन्हा चिरायला लागते. चार सेकंदांचा शॉट. समजा, मूळ चित्रपटात याचा अर्थ एवढाच आहे, की रात्री पाहुणे जेवायला यायचे आहेत आणि कांदा तिखट निघालाय.

आता हा शॉट तिथून उचलू. तो थोडा मोठा करू, म्हणजे कांदा आणि विळी चौकटीच्या बाहेर जातील आणि फक्त ओले डोळे उरतील. त्याच्या आधी लहान मुलाचं रिकामं अंथरूण जोडू, नंतर दारात उभा असलेला हवालदार. झालं, बाई आई झाली आणि तिचं मूल हरवलं. आता अंथरूण काढून तिथे हार घातलेला नवऱ्याचा फोटो ठेवू आणि हवालदाराच्या जागी विळीच्या पात्याचा अगदी जवळून घेतलेला शॉट. डोळे तेच, पाणी तेच. पण आता ती आई नाही, संशयित आहे. फोटोनंतर पात्याऐवजी दार हळूच लोटून आत येणारा दुसरा पुरुष दाखवला, तर प्रेक्षक तिच्या अश्रूंवरही विश्वास ठेवणार नाही.

गुन्हेपटाचा ट्रेलर नेमकं हेच करतो. त्यासाठी त्याला एकही खोटा शॉट घ्यावा लागत नाही. खऱ्या शॉटांच्या जागा बदलल्या की पुरतं. उरलेलं काम आपलं डोकं करतं, कारण शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत नातं शोधल्याशिवाय ते गप्प बसत नाही.

हे चित्रपटवाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने इव्हान मोझझुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. त्याचा सहकारी पुदोवकिन याने लिहून ठेवलंय की लोकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा दुःख, आणि सगळे नटाच्या अभिनयावर खूश झाले. चेहरा तर हललाही नव्हता. चित्रपटाच्या अभ्यासात याला 'कुलेशोव्ह परिणाम' म्हणतात. ट्रेलरचं जवळजवळ सगळं व्याकरण या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळलो.

ट्रेलर कापणारा माणूस बहुतेक वेळा चित्रपटाचा संकलक नसतो. मुंबईत त्याला प्रोमो एडिटर म्हणतात आणि त्याच्या कामाला 'प्रोमो कट करणं'. त्याच्याकडे कित्येकदा चित्रपट पूर्ण होण्याआधीचाच माल येतो: रंग न सुधारलेले शॉट, अर्धवट इफेक्ट, पुढे गाळले जाणारे प्रसंग. म्हणूनच 'ट्रेलरमध्ये होतं ते चित्रपटात दिसलंच नाही' ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते. 'ट्रेलर' या शब्दाचा अर्थ मागून फरपटत येणारं. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थिएटरांत हा प्रकार सुरू झाला तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात मुख्य चित्रपटाच्या शेवटी जोडत. चित्रपट संपला की लोक उठून जातात हे लक्षात आल्यावर ती पुढे आली, नाव मात्र तेच राहिलं.

गुन्हेपटाची अडचण मात्र इतरांपेक्षा वेगळी आहे. विनोदी चित्रपट आपले चार चांगले विनोद दाखवून तिकीट विकू शकतो. प्रेमकथेत शेवटी दोघं एकत्र येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. गुन्हेपटाला विकायचं असतं एक गुपित, आणि गुपित दाखवलं की त्याची किंमत शून्य. म्हणून मी या ट्रेलरांकडे झाकण्याची कला म्हणून बघतो. प्रकाश, रंग, चौकट, कट, अक्षरं, ही सगळी त्यांच्या हातातली झाकण्याची साधनं आहेत. काय झाकलंय हे कळू द्यायचं नाही, पण काहीतरी झाकलंय हे मात्र कळलंच पाहिजे.

याचं सर्वांत धीट उदाहरण १९६० सालचं आहे. 'सायको'च्या ट्रेलरमध्ये चित्रपटातला एकही प्रसंग नाही. साडेसहा मिनिटांच्या आसपास लांबीच्या या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः आपल्याला घटनास्थळ दाखवायला निघतो, एखादा दलाल गिऱ्हाइकाला जागा दाखवतो तसा. दिवसाउजेडी. मागे हलकंफुलकं संगीत. हे छोटं मोटेल, ते टेकडीवरचं जुनं घर. घरात शिरतो. या जिन्यावर दुसरा खून झाला, म्हणतो. खाली पडलेल्या माणसाचं अंग कसं मुरगळलं होतं हे हातांनी दाखवायला जातो आणि मध्येच थांबतो, जणू आपल्याला ते ऐकवणं बरं नाही. वरच्या खोलीत गादीवर अजून उरलेल्या अंगाच्या ठशाबद्दल बोलतो. एका चित्राला फार महत्त्व आहे म्हणतो आणि का ते सांगतच नाही. शेवटी न्हाणीघर. आता सगळं धुऊनपुसून स्वच्छ केलंय, म्हणतो. आणि शॉवरचा पडदा झर्रकन ओढतो. किंचाळणाऱ्या बाईचा चेहरा, कर्कश व्हायोलिनं, आणि चित्रपटाचं नाव.

या ट्रेलरमध्ये रक्ताचा थेंब नाही. सुरा नाही. काळोखही जवळजवळ नाही. मग भीती कुठून येते? आपल्या डोळ्यांपुढे आहेत त्या रिकाम्या वस्तू: जिना, गादी, भिंतीवरचं चित्र, पांढऱ्याशुभ्र फरशा. कॅमेरा त्यांच्यावर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ थांबतो. आपण रोज जिना चढतो, पण कोणी 'इथेच' म्हणून बोट दाखवलं की त्याच पायरीवर पाय ठेवताना अंगावर शहारा येतो. वस्तू बदललेली नसते, तिच्याकडे बघणारी आपली नजर बदललेली असते. आणि साडेसहा मिनिटांच्या संथपणानंतर आलेला तो एकच झटका, पडदा ओढण्याचा, आजच्या दोनशे कटांपेक्षा जास्त लागतो, कारण तोवर आपण पूर्ण सैलावलेले असतो.

त्या किंचाळणाऱ्या बाईबद्दल एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो.

हिचकॉकला काळोखाशिवाय जमलं. बाकीच्यांचं मुख्य भांडवल मात्र काळोखच असतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण 'डार्क ट्रेलर' म्हणजे दिवे कमी लावलेला ट्रेलर असा एक समज आहे. तसं नसतं. चेहऱ्यावर पडणाऱ्या मुख्य प्रकाशाला सेटवर 'की' म्हणतात. त्याने दुसऱ्या गालावर पडलेली सावली उजळायला समोरून किंवा बाजूने जो मवाळ प्रकाश देतात तो 'फिल'. आपल्या रोजच्या कौटुंबिक मालिकेत हे दोन्ही जवळजवळ सारखे असतात. म्हणून तिथे कुणाच्याही चेहऱ्यावर सावली नसते आणि रात्री दोन वाजतासुद्धा दिवाणखाना लग्नाच्या हॉलसारखा लखलखतो. उजेडाची बाजू काळोख्या बाजूच्या दुप्पट ठेवली तर चेहऱ्याला गोलाई येते. आठपट ठेवली तर अर्धा चेहरा बुडतो. हे बुडवण्यासाठी दिवा विझवणं पुरत नाही, कारण भिंतीवरून परतणारा प्रकाश सावलीत शिरतोच. म्हणून त्या बाजूला काळं कापड उभं करतात. उजेड वाढवायला सेटवर पांढरा थर्माकोल धरतात, तसा काळोख वाढवायला काळा कपडा. गुन्हेपटातला काळोख असा मेहनतीने तयार केलेला असतो.

या भाषेचं मूळ जर्मनीत आहे. फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये बर्लिनमधली एक लहान मुलगी रस्त्यातल्या खांबावर चेंडू आपटत खेळते आहे. त्या खांबावर एक सूचना चिकटवलेली आहे: बालहत्या करणाऱ्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचं बक्षीस. त्याच कागदावर टोपी घातलेल्या एका माणसाची सावली येऊन पडते आणि वाकून मुलीशी बोलायला लागते. खुनी आणि त्याच्यावरचं बक्षीस एकाच चौकटीत, चेहरा न दाखवता. नंतर त्या मुलीचं काय झालं हेही आपण पाहत नाही. गवतात घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, एवढंच. नव्वद वर्षं उलटून गेली तरी आजचे ट्रेलर हीच युक्ती वापरतात: एकटी चप्पल, फिरत राहिलेलं सायकलचं चाक, वाजत राहिलेला फोन.

नाझी सत्तेवर आल्यावर लांगसारखे अनेक जण जर्मनी सोडून हॉलिवूडला पोचले आणि त्यांच्याबरोबर ही सावलीची भाषाही गेली. १९४० च्या दशकातल्या तिथल्या अशा चित्रपटांना १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी 'फिल्म नुआर', म्हणजे काळा चित्रपट, म्हणायला सुरुवात केली. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या चेहऱ्यावर गजांसारख्या पडणं, ओला रस्ता, एकटा दिवा हा सगळा ऐवज तिथला. रस्ता ओला करण्यामागे मात्र साधं व्यावहारिक कारण आहे. कोरडं डांबर प्रकाश गिळतं आणि पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो. पाणी मारलं की तोच रस्ता दिव्यांचं प्रतिबिंब परत देतो आणि काळोखाला खोली येते. म्हणून पाऊस नसलेल्या महिन्यातही चित्रपटातल्या रात्री टँकर येऊन गेलेला असतो.

सावलीचा सर्वांत धाडसी वापर मला 'गॉडफादर'मध्ये (१९७२) दिसतो. छायालेखक गॉर्डन विलिस याने प्रकाश वरून सोडला. त्यामुळे मार्लन ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली आणि कित्येक ठिकाणी त्याचे डोळे दिसतच नाहीत. आजही त्या चित्रपटाची कुठलीही झलक पाहताना आपण आधी ती खोबण शोधतो. आपल्याकडे माणूस खरा की खोटा हे ओळखायचं असलं की 'डोळ्यांत बघून बोल' म्हणतात, आणि मनात काही असलेला माणूस नजर चोरतो. विलिसने नटाला नजर चोरायला लावलं नाही, ते काम प्रकाशाकडून करून घेतलं. समोर बसलेला म्हातारा माणूस प्रेमळपणे बोलतोय आणि त्याच्या मनात काय आहे याचा थांग लागत नाही. बाहेर अंगणात त्याच्या मुलीचं लग्न चाललंय आणि तिथे मात्र भरपूर ऊन आहे. आतल्या काळोखाला या उन्हामुळेच अर्थ येतो.

काळोखाला रंगही असतो, आणि आपल्याकडे तो नुकताच बदलला. वर्षानुवर्षं आपल्या शहरांची रात्र नारिंगी होती, सोडियमच्या दिव्यांची. त्या प्रकाशात निळे-हिरवे रंग मरगळतात, माणसांची त्वचा मातकट दिसते. १९९० च्या दशकातल्या मुंबईची रात्र आठवली की मला आधी तो रंग आठवतो. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मोठा वाद झाला होता, तो उगाच नव्हता. शहराच्या रात्रीची ओळख बदलत होती. आता ट्रेलरमध्ये नारिंगी रस्ता दिसला की पाटी न लावताही प्रेक्षकाला कळतं की गोष्ट जुनी आहे. थंड पांढरा-निळसर रस्ता दिसला की ती आजची.

रंगाने गोष्ट सांगायचे दोन नमुने मला नेहमी शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. पहिला 'सेव्हन' (१९९५). छायालेखक डॅरियस खोंजी याच्या या चित्रपटाच्या काही प्रिंटा धुताना रसायनांच्या प्रक्रियेत बदल करून फिल्मवरची एरवी काढून टाकली जाणारी चांदी मागे ठेवली गेली. चांदी राहिली की काळा रंग दाट होतो आणि बाकीचे रंग फिके पडतात. परिणाम असा, की सगळं शहर कित्येक वर्षं न धुतलेल्या भिंतीसारखं दिसतं. आता हे काम संगणकावर ग्रेडिंग, म्हणजे शॉटांचे रंग ठरवताना होतं, पण आजच्या बऱ्याच गुन्हेपटांचा मातकट-हिरवट रंग त्या चांदीचा वंशज आहे.

दुसरा 'ट्रॅफिक' (२०००). अमली पदार्थांच्या व्यापारावरचा हा चित्रपट तीन ठिकाणी घडतो आणि दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने तिन्हींना वेगळे रंग दिले. वॉशिंग्टन आणि ओहायोचा भाग थंड निळा, सॅन डिएगोचा भाग स्वच्छ उजेडाचा आणि मेक्सिको तंबाखूच्या पिवळ्या रंगात करपलेलं. गुंतागुंतीच्या कथेत आपण कुठे आहोत हे एका क्षणात कळावं म्हणून ही सोय होती, आणि सोय म्हणून ती अप्रतिम आहे. पण पुढे त्या पिवळ्याची सवय लागली. मेक्सिको पिवळा, मग मध्यपूर्व पिवळी, मग भारतही पिवळा. उकाडा, धूळ, कायदा नसलेला मुलूख, हे सगळं एका रंगात. मेक्सिकोचं आकाश काही पिवळं नाही.

आपण स्वतःही हेच करतो, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईतली गुन्ह्याची गोष्ट आहे हे सांगायला ट्रेलरला चार शॉट पुरतात: निळ्या ताडपत्र्यांच्या छपरांवरून उडणारा ड्रोन, लोकलच्या दारात लटकलेली माणसं, बोळातून पळणारा पोरगा, ओल्या गटाराच्या कडेला पडलेलं काहीतरी. दिवस नसला तर उत्तमच. दोन मिनिटांत जागा सांगायची असते, तिथे ओळखीची खूण हवी, हे मान्य. पण त्या ताडपत्रीखाली कोणीतरी सकाळी सहाला उठून डबा भरतंय, मुलीची वेणी घालतंय. गेल्या पावसात गळती लागली म्हणून पैसे साठवून ती ताडपत्री आणलेली असते. त्या घरातला मुलगा मोबाइलवर ट्रेलर बघतो आणि त्याला स्वतःचं छप्पर दिसतं, वर जड संगीत आणि खाली 'गुन्हेगारीचं साम्राज्य' असली अक्षरं. त्याच्या घराला दिलेला हा अर्थ त्याला विचारून दिलेला नाही. गुन्हा दाखवायला वातानुकूलित ऑफिसातलं काचेचं टेबलही चालतं, मोठमोठे आर्थिक घोटाळे तिथेच झालेत. त्या काचेला भीतिदायक करायला मात्र प्रतिभा लागते, ताडपत्रीला लागत नाही.

चेहऱ्यांचंही तसंच. गुन्हेपटाच्या ट्रेलरला एक-दोन निरपराध माणसं संशयित म्हणून पुढे करावीच लागतात, नाहीतर खरा अपराधी झाकला कसा जाणार? पुढे कोणाला करायचं हा निर्णय असतो. लिफ्टमधून वळून बघणारा वॉचमन, ट्रे घेऊन दाराआड थांबलेली कामवाली, रिक्षाच्या आरशातले डोळे. यातला प्रत्येक शॉट कांद्याच्या शॉटसारखाच आहे. माणूस आपलं काम करत होता, कॅमेऱ्याने त्याला अर्धा सेकंद जास्त बघितलं आणि आपल्यालाही तसंच बघायला शिकवलं.

चौकटीबद्दल थोडक्यात. चौकट तिरकी केली की आपला तोल नकळत जातो, कारण कान आणि डोळे जमीन सपाट असल्याचं गृहीत धरून असतात. १९४९ च्या 'द थर्ड मॅन'मध्ये युद्धानंतरचं व्हिएन्ना इतकं तिरकं दाखवलंय की दिग्दर्शक कॅरॉल रीडचा मित्र विल्यम वायलर याने त्याला चक्क गवंड्याची पाणसळ भेट पाठवली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेवायला. दाराच्या फटीतून, जाळीतून, गाडीच्या काचेतून घेतलेले शॉट आपल्याला लपून बघणाऱ्याच्या जागी उभं करतात. लांब पल्ल्याच्या लेन्सने रस्त्यातल्या गर्दीत एकच चेहरा पकडला की तो माणूस पाळतीवर आहे हे आपोआप कळतं, कारण अशी लेन्स अंतर दाबते, मागची गर्दी त्याच्या पाठीला चिकटते आणि पळायला जागा उरत नाही. मला स्वतःला सर्वांत प्रभावी वाटते ती अगदी साधी, सपाट चौकट: माणूस एका कोपऱ्यात, उरलेली सगळी जागा रिकामी. डोळा त्या रिकाम्या जागेवर पहारा देत बसतो.

आता कट. चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जातात. त्यातली सहा चित्रं म्हणजे पाव सेकंद. एवढ्या वेळात आपण वस्तू ओळखतो, पण तिचा विचार करू शकत नाही: दोर, पासपोर्ट, हातावरचा ओरखडा. हे नेमकं ट्रेलरला हवं असतं. पुरावा दाखवल्याचं समाधान मिळतं आणि पुरावा हाती लागत नाही. 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'चा २०११ चा पहिला टीझर या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. बर्फातल्या एका मोठ्या घराकडे जाणारा रस्ता, कॅमेरा पुढे सरकतोय, आणि मध्ये मध्ये गाण्याच्या ठेक्यावर अगदी अचूक बसवलेल्या तुकड्यांचा मारा. संवाद जवळजवळ नाहीतच. तुकडे इतके भरभर जातात की कथा कळणं शक्य नाही, पण तो पुढे सरकणारा रस्ता परत परत येतो आणि तेवढ्यावर आपण तगून राहतो. या वेगाची नक्कल पुष्कळांनी केली. मधला रस्ता मात्र बहुतेक जण विसरले, म्हणून त्यांच्या ट्रेलरमध्ये गोंगाट उरतो.

दोन शॉटांच्या मध्ये पूर्ण काळी चौकट ठेवणं हा वेगाच्या अगदी उलटा उपाय. चाकू वर जातो, काळं, आणि पुढच्या शॉटमध्ये नळाखाली हात धुतले जातायत. घाव आपण स्वतः घालतो. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला आपल्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. तिथे उघड हिंसा दाखवता येत नसली तरी काळ्या चौकटीला कोण कात्री लावणार? कधी कधी बंधनातून जास्त चांगला शॉट निघतो, तो असा.

मोबाइलने यात एक नवीच अडचण आणली आहे. बसमध्ये, उन्हात, हातभर अंतरावर धरलेल्या काचेवर गडद काळी चौकट म्हणजे आरसा. काळोखात दबा धरून बसलेल्या खुन्याऐवजी आपला स्वतःचाच चेहरा दिसतो. म्हणून फोनसाठीचे ट्रेलर जरा उजळ ठेवावे लागतात आणि चेहरे मोठे. शिवाय जाहिरात पाच सेकंदांनंतर वगळता येते, म्हणून कित्येक ट्रेलरांच्या आधी पाच सेकंदांचा इवलासा ट्रेलर असतो: धडाका, किंकाळी, नाव, आणि मग खरा ट्रेलर सुरू. हिचकॉकने आपल्याला ज्या संथपणाने सैल केलं होतं त्याला इथे जागाच नाही, आणि मला हे मोठं नुकसान वाटतं.

राहिली अक्षरं, आणि इथे मराठीचा खास प्रश्न आहे. इंग्रजी गुन्हेपटाचं नाव पडद्यावर येतं ते कित्येकदा एकेक अक्षर दूरदूर ठेवून, हळूहळू अंतर वाढत जातं. त्या मोकळ्या जागेतून एकटेपणा आणि धास्ती तयार होते. देवनागरीत हे करायला गेलं की शिरोरेखा तुटते. अक्षरं सुटी झाली की शब्द खिळखिळा दिसतो, भीतिदायक नाही. म्हणून आपल्या सुलेखनकारांना दुसरी वाट काढावी लागली, आणि ती वाट जास्त समृद्ध आहे असं मला वाटतं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं आठवा. विषयाचा स्वभाव त्या अक्षरांच्या अंगात उतरलेला असायचा. गुन्हेपटाच्या नावात शिरोरेखा हेच हत्यार होऊ शकतं. ती सुरीच्या पात्यासारखी एका टोकाला निमुळती होते, दोर होऊन खाली लोंबते, मध्येच चिरली जाते, तिच्यावरून काहीतरी ओघळतं. वेलांटी गळफासासारखी वळते. अनुस्वार गोळीच्या भोकासारखा बसतो. हे रोमन लिपीत करता येणार नाही. तरीही बहुतेक मराठी गुन्हेपटांच्या ट्रेलरमध्ये इंग्रजी नमुन्यावर बेतलेला, धातूसारखा चमकणारा जाड ठसा दिसतो, तेव्हा हातात एवढी धारदार लिपी असताना ती म्यानात का ठेवली, असं वाटत राहतं.

हे सगळं स्वतः तपासून बघायचं असेल तर एखादा ट्रेलर आवाज पूर्ण बंद करून दोनदा बघा. पहिल्यांदा फक्त उजेड कुठून येतोय तेवढंच. दुसऱ्यांदा एक कागद घेऊन प्रत्येक चेहऱ्यानंतर लगेच कुठली वस्तू दाखवली ते टिपत जा. चेहरा, वस्तू, चेहरा, वस्तू. दोन मिनिटांच्या ट्रेलरची यादी पानभर होते. नंतर चित्रपट बघताना ती यादी जवळ ठेवा. त्यातल्या किती जोड्या चित्रपटात खरोखर एकमेकांना लागून येतात ते मोजा.

आणि आता 'सायको'मधली ती किंचाळणारी बाई. चित्रपटात शॉवरखाली जिचा खून होतो ती भूमिका जॅनेट लीची. ट्रेलर चित्रित झाला तेव्हा ती उपलब्ध नव्हती. हिचकॉकने पडदा ओढल्यावर दिसते ती व्हेरा माइल्स, चित्रपटात तिच्या बहिणीचं काम करणारी नटी, सोनेरी केसांचा टोप घालून उभी केलेली. शॉट इतका छोटा आहे आणि नाव इतक्या लगेच येतं की तेव्हा थिएटरात बसलेल्या कुणाला हा फरक लक्षात येण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी चेहरा पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती किंकाळी.